सोमवार-गुरुवार अडणारी लॅब

१

“बंद का पडलं, ते कुणीही विचारतं. चाललं तेव्हा का चाललं, ते विचार. आणि विचारून होईपर्यंत हात पाठीमागे!”

मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी नर्सिंगच्या प्रशिक्षण संस्थेच्या पायऱ्या चढताना तो खरखरीत आवाज तिच्या कानात काल ऐकल्यासारखा ताजा होता. मास्तरांनी आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर दुरुस्त करत उभा जन्म काढला आणि जाता जाता या शिष्येला त्याच धंद्यात घडवून गेले. एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून ‘पक्कड’ हे नावही त्यांनीच पाडलेलं. आता गावभर तेच चालत होतं. खरं नाव फक्त दाखल्यावर उरलं होतं.

पक्कडचा एक नेम होता. रोज हत्यारांची पिशवी उघडण्याआधी हात स्वच्छ धुवायचे आणि मनातल्या मनात म्हणायचं, डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहिणार नाही. बारा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

आज पिशवी उघडण्याआधीच, प्राचार्यबाईंच्या ऑफिसात, तिच्यापुढे कागद आला.

“फक्त सही हवीय मॅडम,” लॅबप्रमुख म्हणाले. संस्थेत सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की लोण्यात सुरी फिरावी. “तुमचा वेळ कशाला घालवू? मजकूर मीच टाइप करून ठेवलाय.”

तिने वाचलं. ‘सर्व संगणक निर्दोष आढळले. सुरू होताना ते वारंवार अडकण्यामागे सफाई कर्मचाऱ्याचा हस्तक्षेप हेच कारण असल्याचे माझे मत आहे.’

“माझं मत मला अजून माहीत नाही,” पक्कड म्हणाली, “आणि ते टाइप होऊन आलंसुद्धा?”

सर हसले. प्राचार्यबाई हसल्या नाहीत. टेबलापलीकडे त्या थकून बसल्या होत्या. त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

लॅबमध्ये विद्यार्थिनींची चोवीस मशिनं. दोन महिन्यांपासून दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ती सुरू होताना अडकत. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, की पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं. दहा-सव्वादहाला आपोआप सगळं सुरळीत. मंगळवारी काही नाही, बुधवारी काही नाही. आणि सोमवार-गुरुवार हेच दोन दिवस सफाईच्या मावशी सकाळी लॅबची फरशी पुसत.

“गेल्या गुरुवारी नऊ वाजता वार्षिक परीक्षा होती,” प्राचार्यबाईंचा आवाज फाटला. “ऑनलाइन. सव्वानऊपर्यंत आत शिरलं नाही तर गैरहजर. चोवीसच्या चोवीस मुली गैरहजर धरल्या. पुढची संधी सहा महिन्यांनी.”

“आणि मावशी?”

“शुक्रवारपासून त्यांना फाटकाच्या आत घेत नाही. परवा सोमवार झाला, एकही मशीन अडकलं नाही. आणखी काय पुरावा हवा? उद्या अकरा वाजता मी बडतर्फीच्या पत्रावर सही करणार आहे. तेवीस वर्षं काम केलंय त्यांनी इथे. मला काय आनंद होतोय का?”

पक्कडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुरावा दिसत होता, म्हणून नाही. इतका नीटनेटका, घडी घालून ठेवल्यासारखा पुरावा दिसत होता, म्हणून. पण राग आला की ती हत्याराला हात लावत नसे. तिने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

“मशिनं दाखवा,” ती म्हणाली.

२

मशिनं झकास चालत होती. चोवीसही सुरू केली, एकही अडलं नाही. दुखणं वैद्य दारात आला की दडून बसतं, तशी गत.

“बघा!” सर म्हणाले. “मावशी गेली, पीडा गेली. आणि हा घ्या मुद्देमाल.”

त्यांनी सतरा नंबरच्या मशीनमागे बोट दाखवलं. नेटवर्कची तार खोबणीतून उपटून लोंबत होती. टोक चेमटलेलं.

“पुसताना दांड्यात अडकवून तोडली. हे तर तिने स्वतः कबूल केलंय. एक तोडणारी बाई बाकीच्यांना काय करत असेल?”

पक्कड हात पाठीमागे बांधून उभी होती. “तुमचं मशीन कुठलं?”

“ते कोपऱ्यातलं. का?”

“सहज. तेही सोमवारी-गुरुवारी अडकतं?”

“सगळीच अडकतात हो,” सर म्हणाले आणि मोबाइलकडे बघू लागले.

बाहेर व्हरांड्यात एक विद्यार्थिनी कठड्याला टेकून उभी होती. तिशी उलटलेली, गणवेश परटाकडचा असावा इतका कडक. पक्कड बाहेर आली तशी तीच पुढे झाली.

“तुम्ही सही करणार आहात म्हणे?”

“कोण म्हणालं?”

“सरांनी वर्गात सांगितलं. ताई, मला मुलगी आहे सहा वर्षांची. तिला आईकडे ठेवून दोन वर्षं इथे काढली. परीक्षा गेली. आता वाटतं कुणाला तरी धरून बडवावं. पण मावशींना नाही हो! त्यांच्या हातून असलं काही होणार नाही. कळा लागलेल्या बाईच्या कपाळावर हात ठेवावा, तशा त्या मशीन पुसतात.”

“त्या दिवशी तू कितव्या मशीनवर होतीस?”

“सतरा. माझं नशीबच तसलं. माझं एकटीचं मशीन फटकन उघडलं! सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पण तारच तुटलेली, परीक्षेचं पान येणार कुठून? उघड्या दारात उपाशी.”

पक्कडचे पाठीमागचे हात आवळले गेले. “फटकन उघडलं? नक्की?”

“नक्की म्हणजे! शपथेवर सांगते.”

“आणि सर त्या वेळी काय करत होते?”

“ते नऊला आले धावत. मशिनं अडकली म्हणून आम्ही त्यांची वाट बघत दारातच उभ्या होतो. मग कोपऱ्यात जाऊन बसले आणि टकाटका काहीतरी टाइप करत होते. आम्ही रडतोय, आणि हे टाइप करतायत. मग प्रिंटर वाजला.”

पक्कडने प्राचार्यबाईंच्या फायलीतली तक्रार मागून घेतली. मावशींविरुद्धची. खाली सरांची सही. कोपऱ्यात मशीनने आपणहून छापलेली तारीख आणि वेळ होती. गुरुवार, नऊ वाजून वीस मिनिटं.

प्रिंटर व्हरांड्याच्या टोकाला होता, नेटवर्कवर. म्हणजे कोपऱ्यातल्या मशीनची तार शाबूत होती. आणि तेवीस मशिनं गरगरत असताना ते बिनबोभाट चाललं होतं.

तारेविना एक चाललं, ते का? आणि तार असून एक चाललं, ते का?

३

फाटकावरच्या काकांकडे किल्ल्यांची वही असायची. कुठली खोली, कुणी, किती वाजता.

“घ्या, वाचा,” काका म्हणाले. “माझ्या अक्षराला नावं ठेवू नका फक्त. आमची शाळा फळ्याच्या मागच्या बाजूला भरायची.”

अक्षर खरंच मुंग्यांची रांग मोडल्यासारखं होतं, पण वही प्रामाणिक होती. मावशींच्या नावापुढे रेकॉर्ड रूमची किल्ली. मंगळवार, सात वीस. बुधवार, सात पंचवीस. आणि सोमवारी, गुरुवारी? दहा. सव्वादहा. दहा पाच.

तिने मागची पानं उलटली. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सगळे वार सारखेच, सात-साडेसात. मग पुढची उलटली. गेल्या शुक्रवारपासून मावशींचं नाव नव्हतं. त्या जागी, रोज, सात चाळीस: सर.

“सर रोज रेकॉर्ड रूममध्ये कशाला जातात हो काका?”

“फाइल हवी असते म्हणे.”

“रोज?”

काकांनी मिशीवरून हात फिरवला. “मला पण तेच वाटलं. वीस वर्षांत त्या धुळीत पाय न ठेवणारा माणूस. म्हटलं, बायकोने झाडू मारायला शिकवला की काय!”

मावशींचं घर चालत पंधरा मिनिटांवर होतं. दोन खोल्या, चकचकीत. दारात पायपुसणं सुद्धा काटकोनात. मावशी जमिनीवर बसून धुतलेल्या फडक्यांच्या घड्या घालत होत्या. काम नाही, तर हातांना काय सांगायचं, अशा.

“आलीस? बस पोरी,” त्या म्हणाल्या. “तू माझ्याविरुद्ध लिहिणार ना? लिही. पण पाणी पिऊन लिही.”

“मावशी, मला फक्त तुमची सकाळ सांगा. पहिल्यापासून.”

“त्यात काय सांगायचं? रोज आधी रेकॉर्ड रूम उघडते. कोंदट असते ना, मेनचा खटका दाबते, पंखा लावते. रात्री कुलूप लावताना फाटकावरचे काका तोच खटका बंद करतात, तसा मोठ्या बाईंचा हुकूम आहे, मागे एकदा ठिणगी उडाली होती म्हणून. मग ऑफिस, मग वर्ग. दोन महिन्यांमागे एक मुलगी लॅबमध्ये पाय घसरून पडली. तेव्हापासून बाई म्हणाल्या, सोमवारी आणि गुरुवारी लॅब सगळ्यात आधी पुसा, साडेआठच्या आत वाळली पाहिजे. मग त्या दोन दिवशी रेकॉर्ड रूम राहते शेवटी.” त्या जराशा हसल्या. “तिथला तो घोरणारा पण उशिरा उठतो त्या दिवशी.”

“घोरणारा?”

“अगं, खटका दाबला की टेबलाखालून कुणीतरी घुर्र करतं. जुनी पेटी आहे काळी. मी आपली म्हणते, उठलास का रे बाबा? माणूस नाही तर पेटीशी बोलायचं.”

पक्कडने पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेला होता. तो तिथेच थांबला.

“ती पेटी तिथे कुणी ठेवली?”

“मी आणि शिपायाने नेली उचलून. सर म्हणाले, भंगारात जायची आहे, पण दोन दिवस इथेच जोडून राहू दे. तीन महिने झाले की गं त्याला.”

मावशींनी हातातली घडी बाजूला ठेवली. मान खाली.

“पोरी, एक मागते. ती सतराची तार माझ्याकडूनच तुटली, मी त्याच दिवशी सांगितलं. पण बाकीचं... रात्ररात्र विचार करते, माझ्याच ओल्या फडक्याने काही झालं असेल का? चोवीस लेकींची परीक्षा गेली. मला नोकरीची भीक नको. माझ्या हातून घडलं असेल तर तेही सांग. पण तू येऊन सांग. शिपायाच्या हातचा कागद नको, फोन नको. कागद मला वाचता येत नाही, आणि फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही.”

“मी येईन,” पक्कड म्हणाली. “जे असेल ते. अर्धं झाकून नाही सांगणार.”

४

गुरुवारी सकाळी सात वाजता पक्कड फाटकावर हजर होती. तिने वहीत सही केली, रेकॉर्ड रूमची किल्ली घेतली आणि खिशात टाकली. खोली उघडली नाही.

सात चाळीसला सर आले, तेव्हा ती लॅबच्या दारातून फाटकाकडे बघत होती. काकांच्या खिडकीपाशी थांबले. काहीतरी विचारलं. मग वहीत वाकून पाहिलं, आणि तडक लॅबकडे निघाले.

“किल्ली तुमच्याकडे आहे?” ते लॅबच्या दारात धापा टाकत आले. “मला एक फाइल हवी होती.”

“कुठली? मी काढून देते.”

“नको, नको. नंतर बघू.”

साडेआठला प्राचार्यबाई आल्या. मागे विद्यार्थिनी. पक्कडने कुठल्याही मशीनला हात लावला नाही. हात पाठीमागेच.

“मुलींनो, रोजच्यासारखी सुरू करा. सर, तुम्ही पण तुमचं करा.”

चोवीस पडदे उजळले. नावं, पासवर्ड. आणि मग गोल चक्रं फिरायला लागली. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच. तेवीस चक्रं एकसारखी, एका लयीत फिरत होती.

“मावशी तर आवारात नाहीत,” प्राचार्यबाई हळू म्हणाल्या.

“नाहीत. फरशीही कोरडी आहे. आता बघा, काय चालतंय ते बघा. सतरा उघडलं. तारेविना. म्हणजे ज्याला बाहेर हाक मारताच येत नाही, ते कुणाची वाट बघत बसत नाही. बाकीची तेवीस बिघडलेली नाहीत, बाई. ती वाट बघतायत. सगळी एकाचीच.”

ती कोपऱ्याकडे वळली. सरांच्या मशीनवर कधीचंच सगळं उघडलेलं होतं.

“आणि हे? याची तार शाबूत आहे. तरी हे वाट बघत नाही. का, सर?”

सरांनी घसा खाकरला. “योगायोग.”

“बाई, चला माझ्याबरोबर.”

रेकॉर्ड रूम व्हरांड्याच्या पलीकडे होती. पक्कडने कुलूप काढलं, मेनचा खटका वर केला. पंखा हलला. आणि टेबलाखाली, जुन्या तक्त्यांच्या मागे, कुणीतरी घुर्र करून जागं झालं. काळी पेटी. तिच्या पोटावर हिरवा दिवा लुकलुकला. मागून एक पिवळी तार भिंतीतल्या खोबणीत गेली होती.

“हा जुना सर्व्हर,” पक्कड म्हणाली. “सगळ्या मुलींच्या कामाची फोल्डरं याच्या पोटात आहेत. मशीन सुरू झालं की आधी याला हाक मारतं. हा झोपलेला असला की बिचारं ताटकळतं.”

“पण हा तर भंगारात गेला!” प्राचार्यबाई म्हणाल्या. “तीन महिन्यांपूर्वी. सगळी माहिती नव्या सर्व्हरवर घेतली, असं लिहून दिलंय मला. सही आहे.”

“कुणाची?”

उत्तराची गरज पडली नाही. लॅबमधून मुलींचा गलका ऐकू आला. “उघडलं! माझं उघडलं! माझं पण!” एकामागून एक, तेवीस.

५

ऑफिसचं दार लावून घेतलं तेव्हा सर खुर्चीच्या टोकावर बसले होते. लोणी वितळलं होतं, सुरी उरली होती.

“मशिनांच्या सेटिंगमधली एक ओळ, जुन्या सर्व्हरच्या पत्त्याची, बदलायची राहून गेली,” ते म्हणाले. “कामाचा व्याप होता. फोल्डरं हलवायला दोन दिवस लागले असते. माणसाकडून चूक होत नाही?”

“होते,” पक्कड म्हणाली. तिचा आवाज खालच्या पट्टीतच होता, पण प्राचार्यबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “मी रोज करते. ओळ राहिली, ती चूक. पण गेल्या महिन्याच्या दहा तारखेला तुम्ही तुमच्या मशीनमधून ती ओळ काढून टाकलीत. तारीख त्यातच लिहिलेली आहे, मी आत्ता पाहिली. म्हणजे दुखणं काय आहे ते तुम्हाला कळलं होतं. स्वतःला औषध घेतलंत आणि चोवीस जणींना तापात ठेवलंत.”

“बाकीच्यांचं बदलायला बाईंची सही लागते. मग मी आधी दिलेली सही...”

“खोटी ठरली असती.”

सर खिशातली पेनं चाचपत बसले.

“आणि परीक्षेच्या दिवशी? नऊला पोचलात. पंधरा मिनिटं हातात होती. एक खटका दाबायचा होता फक्त.”

“सगळ्या मुली दारात उभ्या होत्या!” सर एकदम ओरडले. “सगळ्यांच्या देखत त्या खोलीकडे कसा जाणार होतो मी? लगेच ओरड झाली असती, तिथे काय आहे म्हणून!”

पक्कडला वाटलं, आता आपण काहीतरी फेकून मारू. तिने बोटं बोटांत घट्ट अडकवली. लॅबपासून रेकॉर्ड रूमपर्यंत चाळीस पावलं. चाळीस पावलं चालायची लाज वाटली म्हणून चोवीस जणींचे सहा महिने या माणसाने गटारात जाऊ दिले, आणि वेळ संपून पाच मिनिटं होतात तोच तेवीस वर्षं फरशी पुसणाऱ्या बाईचं नाव छापून मोकळा झाला. शुक्रवारपासून रोज सकाळी स्वतःच्या हाताने खटका दाबायला मात्र त्याला लाज वाटली नाही. तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं,” ती म्हणाली. “पण इथे चोरानेच दोर वळला, गाठ मारली, आणि मला म्हणाला, सही तेवढी करा.”

तिने खिशातला घडी घातलेला कागद काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. “हे तुमचं मत. तुमच्याकडेच राहू दे.”

सरांना बाहेर पाठवलं गेलं. बडतर्फीचं पत्र प्राचार्यबाईंनी उभं फाडलं, मग आडवं.

“मी त्यांना एकदासुद्धा विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुमची सकाळ कशी जाते, एवढंसुद्धा. आणि लॅब आधी पुसायचा हुकूम माझाच.”

“हो,” पक्कड म्हणाली. तिने त्यांना सोडलं नाही आणि टोचलंही नाही. “परीक्षा मंडळाला खरं काय ते आजच लिहा. सगळं, खोट्या सहीसकट. मी पाहिलं तेवढ्यावर माझी सही घ्या. मुलींना फेरपरीक्षा मिळेलच असं नाही. पण खोटं सांगून तर नाहीच मिळायची.”

“लिहिते. आणि मावशींना लगेच फोन लावते. शिपायाबरोबर पत्र पाठवते, उद्यापासून सन्मानाने...”

“फोन नको, बाई. पत्रही नको.”

“मग मी येऊ तुमच्याबरोबर?”

“तुम्ही उद्या जा. आज मुलींचं बघा. ते तुमचं काम. हे माझं आहे.”

तिने व्हरांड्यातल्या नळावर हात धुतले. सतरा नंबरची विद्यार्थिनी खांबाशी उभी होती. डोळे लाल, पण मान ताठ. तिने काही विचारलं नाही. नुसती बाजूला सरकून वाट दिली.

पंधरा मिनिटांची वाट होती. सांगायचं कसं, हे पक्कड पायरीपायरीने जुळवत होती. तुमच्या फडक्याने काही झालं नाही, मावशी. त्या दोन दिवशी पेटी उशिरा उठायची, ती तुमच्या हातून उशीर व्हायचा म्हणून. हेही सांगावं लागेल, अर्धं झाकणार नाही म्हटलंय. पण बाकीच्या दिवशी? तीन महिने ती लॅब चालली, मुली शिकल्या, ती कुणामुळे? रोज सकाळी एक बाई कोंदट खोलीत जाऊन खटका दाबत होती आणि म्हणत होती, उठलास का रे बाबा. चाललं तेव्हा का चाललं, तर म्हणून चाललं.

फाटकावर काकांनी वही पुढे केली. तिने रेकॉर्ड रूमची किल्ली परत दिली, वेळ लिहिली, पिशवी खांद्याला लावली, आणि मुकाट्याने मावशींच्या घराच्या वाटेला लागली.